नवे नाटककार : वहीपासून रंगमंचापर्यंत

बुलडाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा या गावाला नाटकाचा विषय शोधण्यासाठी शिवाराबाहेर जाण्याचे कारण नाही. १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यातील निर्णायक लढाई येथेच झाली. मुबारिजखान हा हैदराबादचा सुभेदार. दिल्लीच्या मुहम्मदशहा बादशहाने त्याला गुप्तपणे दख्खनची सुभेदारी देऊ केली आणि दिल्ली सोडून दक्षिणेकडे निघालेल्या निजामाला रोखण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविली. लढाईत मुबारिजखान मारला गेला. निजामाने त्याचे शिर दिल्लीला पाठविले आणि बंडखोराचा बंदोबस्त झाल्याबद्दल बादशहाचे अभिनंदनही केले. ज्याने बादशहाची आज्ञा पाळली तो बंडखोर ठरला आणि ज्याच्याविरुद्ध आज्ञा निघाली होती त्यालाच दख्खनची सुभेदारी मान्य करणे दरबाराला भाग पडले. विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव देण्यात आले. कागदोपत्री ते पुष्कळ काळ चालले. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिले.

२०२४ मध्ये या लढाईला ३०० वर्षे पूर्ण झाली. एवढे नाट्य ज्या भूमीत पुरलेले आहे, तेथील एखाद्या तरुण शिक्षकाला, महाविद्यालयीन विद्यार्थिनीला किंवा शेतकऱ्याच्या मुलाला त्यावर नाटक लिहावेसे वाटले, तर त्याला ते कोण शिकविणार? गायनाची इच्छा असणाऱ्याला गुरू शोधता येतो, चित्रकलेसाठी परीक्षा आहेत, कुस्तीसाठी आखाडा आहे. नाट्यलेखनाबाबत मात्र अजूनही असा समज आढळतो की, ते ज्याला येते त्याला येते. शिकविता येत नाही. या समजुतीमुळे ग्रामीण भागातील कितीतरी संहिता गणेशोत्सवातील किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातील एका रात्रीच्या प्रयोगानंतर ट्रंकेत जातात आणि त्यांच्या लेखकाला आपले काय साधले व काय चुकले हे कधीच कळत नाही.

घटना आणि नाट्य

वर सांगितलेल्या लढाईचेच उदाहरण घ्यावे. नवा लेखक या विषयावर लिहू लागला म्हणजे पहिल्या प्रवेशात बहुधा सूत्रधार येतो आणि औरंगजेबाच्या मृत्यूपासूनचा इतिहास सांगतो. दुसऱ्या प्रवेशात दोन सरदार परस्परांना, दोघांनाही ठाऊक असलेली, राजकीय परिस्थिती समजावून देतात. तिसऱ्यात लढाई होते. ती रंगमंचावर दाखविता येत नाही म्हणून दूत येऊन तिचे वर्णन करतो. माहिती सर्व बरोबर असते, भाषाही भारदस्त असते, परंतु प्रेक्षक जागचा हलत नाही. लेखकाचा अभ्यास येथे कमी पडत नाही. अभ्यासाचे रूपांतर माणसांच्या वागण्यात कसे करावे, हे त्याला कोणी दाखविलेले नसते, एवढीच उणीव असते.

नाट्यलेखनाच्या वर्गात असा मसुदा हाती आला, तर जाणकार मार्गदर्शक प्रथम काही साधे प्रश्न विचारील. बादशहाचे पत्र हैदराबादला पोहोचते त्या क्षणी मुबारिजखानाला काय हवे आहे? सुभेदारी, की केवळ निजामाच्या छायेतून सुटका? पत्र गुप्त आहे; मग ते त्याने कोणाला दाखविले आणि कोणापासून लपविले? ज्याच्यापासून लपविले ते माणूस त्याच दालनात उभे असेल, तर त्याला साध्या जेवणखाणाच्या गोष्टी बोलाव्या लागतील आणि त्या बोलण्याखाली पत्र दडलेले राहील. नाटकाचा संवाद तो हाच. पात्र बोलते एक आणि त्याला हवे असते दुसरे. ही ओढाताण प्रेक्षकाला दिसली की सूत्रधाराची गरज उरत नाही.

मार्गदर्शक कदाचित याहूनही पुढे जाऊन विचारील की, हे नाटक सरदारांचेच का असावे? या लढाईत बाजीराव पेशव्यांचे साहाय्य निजामाला मिळाले होते आणि अवघ्या चार वर्षांनी, १७२८ मध्ये, पालखेड येथे त्याच बाजीरावांनी निजामाची कोंडी केली. मोठ्यांच्या मैत्रीचा आणि वैराचा हा हिशेब ज्याच्या शेतात मांडला गेला त्या कुणब्याचे काय? दसऱ्याच्या सुमारास उभ्या पिकातून दोन फौजा गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावाचे नाव बदलले. नवे नाव उच्चारण्यास तो नकार देतो, एवढ्या एका कृतीवर एकांकिका उभी राहू शकेल. त्या कुणब्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. म्हणूनच तेथे इतिहासकाराचे काम संपते आणि नाटककाराचे सुरू होते.

असे प्रश्न विचारण्याची सवय लागणे हेच नाट्यलेखनाचे प्रशिक्षण होय. प्रतिभा कोणी देऊ शकत नाही, हे खरे. पण प्रश्न देता येतात.

तालमीत घडलेले लेखक

मराठी रंगभूमीचा गेल्या सहा-सात दशकांचा अनुभव पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपले महत्त्वाचे नाटककार एकट्याने घडले नाहीत; ते नाट्यसंस्थांच्या सहवासात घडले. १९६० साली स्थापन झालेल्या 'रंगायन' या संस्थेत विजया मेहता, अरविंद देशपांडे, डॉ. श्रीराम लागू यांच्याबरोबर विजय तेंडुलकर होते. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ मध्ये राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने रंगमंचावर आले. सुलभा देशपांडे यांच्या अभिनयाने गाजलेले लीला बेणारेचे अखेरचे दीर्घ स्वगत मूळ मसुद्यात नव्हते. दिग्दर्शकाच्या आग्रहामुळे ते तालमीच्या काळात लिहिले गेले. ज्या भागासाठी ते नाटक आज प्रामुख्याने स्मरणात आहे, तो भाग तालमीने मागून घेतला. घरी बसून लिहिणाऱ्या लेखकाकडे असा आग्रह धरणारे कोणी नसते.

विदर्भाच्या वाचकांना महेश एलकुंचवार यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. त्यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावचा, १९३९ सालचा. नागपूर येथे इंग्रजी साहित्याचे अध्यापन करीत असताना तेंडुलकरांच्या 'मी जिंकलो! मी हरलो!' या नाटकाचा प्रयोग त्यांनी पाहिला आणि आपणही नाटक लिहावे असे त्यांना तीव्रतेने वाटले. त्यानंतर त्यांनी पुष्कळ नाटके वाचून काढली. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथा' मासिकात प्रसिद्ध झाली. ती विजया मेहता यांच्या दृष्टीस पडली आणि लेखकाला दिग्दर्शक लाभला. विदर्भातील धरणगावकर देशपांडे यांच्या पडत्या वाड्याची कथा सांगणारे 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजयाबाईंच्याच दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पाहणे, वाचणे, लिहिणे, छापले जाणे आणि मग दिग्दर्शकाच्या हाती पडणे, असा हा क्रम आहे. त्यातील एखादी पायरी गळाली असती तर काय झाले असते, याचा विचार ग्रामीण भागातील लेखकासाठी कार्यक्रम आखणाऱ्यांनी अवश्य करावा.

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक संदर्भ महत्त्वाचा आहे. १९७४ पासून 'आविष्कार' या संस्थेने दादर येथील छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटके करण्यास प्रारंभ केला. साध्या शाळेतील एक सभागृह, मर्यादित आसने आणि बेताचे प्रकाशसाहित्य एवढ्या बळावर तेथे पुढे अनेक वर्षे नवे लेखन उभे राहिले. त्या काळाला 'छबिलदास चळवळ' असेच नाव पडले. मोठे नाट्यगृह नाही ही तक्रार बुलडाणा जिल्ह्यात वारंवार ऐकू येते व ती खोटी नाही. परंतु नव्या संहितेला पहिल्या दिवशी लागते ती खोली, आणि खोली प्रत्येक गावात आहे.

एक योजना आणि तिचा बोध

नाटककारांच्या विकासासाठी पद्धतशीर योजना आखण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न पुण्याच्या 'थिएटर अकॅडमी'ने केला. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने, सतीश आळेकर यांच्या पुढाकाराने, फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्यावर १९८५ ते १९९४ या काळात नाटककार विकास योजना राबविली. तिच्या जोडीला प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाची योजनाही होती. ही जोडी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. लेखकाला शिकविले आणि त्याच्या गावात नाटक करणारा संच नसला तर त्याचे शिक्षण वहीत राहते. संच उभा केला आणि त्याला नवा लेखक नसला तर तो पुण्या-मुंबईची जुनी नाटके करीत राहतो. ग्रामीण भागासाठी पुढे कोणतीही योजना करावयाची झाल्यास ही दोन्ही कामे एकत्र हाती घ्यावी लागतील.

पुढे मुंबईतील 'रेज' या संस्थेने लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या सहकार्याने 'रायटर्स ब्लॉक' या नावाने लेखकांच्या कार्यशाळा घेतल्या. त्या पद्धतीतही भर होता तो मसुदा पुनःपुन्हा लिहिण्यावर आणि नटांच्या तोंडून तो ऐकण्यावर.

विद्यापीठे व संस्था

पदवी-पदविकेच्या स्वरूपात नाट्यशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यास आज काही वाटा उपलब्ध आहेत. साखरखेर्ड्यास त्यांतील सर्वांत जवळचा म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. १९७० च्या दशकापासून चालत आलेल्या या विभागाने मराठवाड्यातील नाट्यवर्तुळाला मोठा आधार दिला. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून, तर मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ पासून कार्यरत आहे. चित्रपटाच्या पटकथेचे शिक्षण पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत मिळते. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या या संस्थेत पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. अल्प मुदतीचे वर्गही संस्था वेळोवेळी निरनिराळ्या शहरांत घेते.

या सर्व संस्था चांगल्या आहेत. परंतु त्या घर सोडू शकणाऱ्यांसाठी आहेत. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून लिहिणाऱ्याला दोन वर्षे पुण्यास राहणे शक्य नसते आणि मुलीच्या बाबतीत तर घरची संमती हाच पहिला अंक ठरतो. तेव्हा मोठ्या संस्थांतील जागा वाढविण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्या संस्थांतील शिक्षकांना जिल्ह्यात आणणे उपयुक्त ठरेल. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय नाट्यविषयक तसेच लोककलांची प्रशिक्षण शिबिरे आयोजित करते. त्यांचा रोख साहजिकच अभिनयावर व सादरीकरणावर असतो. अशा शिबिरातील काही दिवस संहितालेखनासाठी राखून ठेवावेत, अशी मागणी स्थानिक संस्थांनी करण्यास हरकत नाही.

स्पर्धा : लाभ आणि मर्यादा

ग्रामीण लेखकाला शासनाकडून मिळणारी सर्वांत मोठी संधी अद्यापही राज्य नाट्यस्पर्धा हीच आहे. हौशी मराठी नाटकांची प्राथमिक फेरी राज्यातील अनेक केंद्रांवर होते; बालनाट्य, संगीत, हिंदी, संस्कृत आणि दिव्यांग बालनाट्य यांच्याही स्पर्धा आहेत. नाट्यलेखनासाठी स्वतंत्र पारितोषिके असल्यामुळे संघांना नवी संहिता निवडण्याचे कारण मिळते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचा युवक महोत्सव आहे. बुलडाणा जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा तर १९६३ पासून चालू आहे व तिने रंगभूमीला अनेक कलावंत दिले.

मात्र स्पर्धा म्हणजे प्रशिक्षण नव्हे, ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी कोणत्याही एकांकिकेला करंडक न देण्याचा निर्णय घेतला. अपेक्षित दर्जा गाठला गेला नाही, असे कारण देण्यात आले. त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना निर्णय कठोर वाटला, काहींना आवश्यक. तो योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतोच : परीक्षकांना जे उणे वाटले ते स्पर्धकांना स्पर्धेपूर्वी सहा महिने कोणी सांगितले असते तर? परीक्षक निकाल देतो आणि पुढच्या गावी जातो. लेखकाला हवा असतो तो निकालाच्या आधी भेटणारा वाचक.

स्पर्धेबाहेर, केवळ प्रेक्षकांच्या बळावर लेखक घडतात याचे जिवंत उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांतील झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतरच्या हंगामात गावोगाव रात्रभराचे प्रयोग करते. देसाईगंज-वडसा हे तिचे प्रमुख केंद्र. तिकीट काढून येणारा शेतकरी प्रेक्षक पसंती-नापसंती तेथल्या तेथे व्यक्त करतो, मंडळ्यांना दर हंगामी नवे नाटक लागते आणि त्यामुळे लेखकाला काम मिळत राहते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. झाडीपट्टीच्या नाटकांतील भडकपणाविषयी नागर समीक्षक नाक मुरडतात. त्यात तथ्य नाही असे नाही. तरीही प्रेक्षक कोठे चुळबुळतो हे तेथील लेखकाला जितके ठाऊक असते, तितके पारितोषिकप्राप्त लेखकाला क्वचितच असते. बुलडाणा जिल्ह्यात तशी बाजारपेठ नाही. येथे कीर्तन, भारूड आणि गोंधळ आहेत. पूर्वरंगात सिद्धान्त मांडून उत्तररंगात आख्यान रंगविणारा कीर्तनकार श्रोत्यांना तासन्तास कसा बसवून ठेवतो, हे वही घेऊन पाहण्यासारखे शिक्षण दुसरे नाही, आणि त्याला शुल्कही नाही.

पडद्यासाठी लेखन

आजच्या तरुणाची ओढ नाटकापेक्षा चित्रपट व मालिकांकडे अधिक आहे. ती वाईट मानण्याचे कारण नाही. तेंडुलकरांनी 'सामना', 'निशांत', 'मंथन', 'उंबरठा', 'अर्धसत्य' अशा चित्रपटांसाठी लेखन केले. १९७६ चा 'मंथन' तर पंचायत सदस्यांनी मुद्दाम पाहावा असा आहे : गावातील दूध सहकारी संस्थेची उभारणी आणि तिच्या आड येणारे जातीचे व सावकारीचे हितसंबंध हा त्याचा विषय, आणि गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो उभा केला. विकासाच्या विषयावर लिहिताना प्रचारकी थाट टाळता येतो, याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे. पटकथा संवादापेक्षा दृश्यावर चालते. रंगमंचावर जे बोलून सांगावे लागते ते पडद्यावर रिकाम्या कॅनकडे पाहणाऱ्या एका चेहऱ्यातून कळते. दोन्ही माध्यमांचा पाया मात्र एकच असल्याने एकांकिकेपासून प्रारंभ करणे हिताचे असते.

येथे हक्कांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण नवा लेखक फसतो तो बहुधा येथे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संहितेवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, परंतु वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटलेखकाला स्वामित्वधनाचे अधिक संरक्षण दिले. हाच कायदा उलट बाजूनेही लागू होतो : दुसऱ्याचे नाटक तिकीट लावून करावयाचे असेल तर त्याची लेखी परवानगी घेतली पाहिजे. शिवाय सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र मिळवावे लागते. उत्सवाच्या धावपळीत पुष्कळ मंडळांना याचा विसर पडतो.

गावपातळीवरील काम

मोठ्या योजनांची वाट न पाहता साखरखेर्ड्यासारख्या गावात काय करता येईल? पहिली गोष्ट नाट्यवाचनाची. महिन्यातून एक सायंकाळ शाळेचा एक वर्ग किंवा ग्रंथालयाची खोली उघडावी. नव्या लेखकाने आपला मसुदा आणावा. तो त्याने स्वतः वाचू नये, चार जणांनी पात्रे वाटून घेऊन वाचावा. लेखक स्वतः वाचतो तेव्हा कागदावर नसलेल्या गोष्टी आवाजाने भरून काढतो. दुसऱ्याच्या तोंडी वाक्य अडखळले की, ते कोठे लांबले हे त्याला तत्काळ समजते. वाचनानंतर ऐकणाऱ्यांनी स्तुती किंवा दोष न सांगता आपल्याला काय समजले एवढेच सांगावे. लेखकाला अभिप्रेत असलेले आणि श्रोत्यांना समजलेले यांतील फरक हाच पुढील मसुद्याचा कच्चा माल.

दुसरी गोष्ट ग्रंथालयाची. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. खरेदीच्या यादीत कादंबऱ्या व स्पर्धा परीक्षांची पुस्तके भरपूर असतात; नाटके मात्र अपवादानेच आढळतात. दरवर्षी दहा नाटके घेतली तरी पाच वर्षांत नवलेखकाच्या अभ्यासापुरता संग्रह उभा राहील.

चांगली संहिता तयार झाल्यावर प्रकाशनासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचा विचार करावा. पहिल्या पुस्तकाला साहाय्य करणाऱ्या या योजनेत नाटकाचाही समावेश होतो. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशित नाटक वा एकांकिकेसाठी विजय तेंडुलकर यांच्या नावाचा पुरस्कार आहे. हस्तलिखित पाठविण्याची घाई मात्र करू नये. निदान दोन वाचने आणि एक प्रयोग झालेला मसुदाच पाठवावा, आणि प्रयोगानंतर जी वाक्ये नटांनी आपोआप गाळली ती पुन्हा घालण्यापूर्वी लेखकाने ती का गळाली याचा शोध घ्यावा.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगली येथे 'सीता स्वयंवर' सादर केले, त्याचे हे स्मरण. दिवाळीच्या आगेमागे येणाऱ्या या दिवसांत बाहेरगावी शिकणारी मुले गावी परतलेली असतात आणि पहिल्या वाचनासाठी ही वेळ सोयीची आहे. मसुदा फत्तेखेर्ड्याचा असल्यास कुणब्याची भूमिका वाचण्यासाठी गावातील एखाद्या वयस्क शेतकऱ्यास बोलवावे. त्याने एखादा शब्द अडवून 'असं आमच्याकडं कोणी म्हणत नाही' असे सांगितले, तर लेखकाने तो शब्द तेथेच खोडून त्याने सुचविलेला शब्द लिहून घ्यावा.